जुन्या स्कूटरला बॅटरीची जोड

रात्रीच्या वेळी लालबाग-परळच्या रस्त्यावरून जाणारी एखादी जुनी स्कूटर तुम्ही लक्षपूर्वक पाहिली आहे काय? आता अशा स्कूटरी थोड्याच उरल्या आहेत. पण गिरगावातील एखाद्या चाळीच्या जिन्याखाली किंवा परळमधील एखाद्या गॅरेजपुढे त्या अजून दिसतात. चालक तिला आपल्या बाजूला तिरकी करतो, सरळ करतो, किक मारतो आणि ती सुरू होते. मोकळ्या रस्त्यावर तिचा दिवा चांगला उजेड देतो. मात्र सिग्नलपाशी ती थांबली, की दिवा पिवळा पडतो आणि मग तांबूस होतो. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो थरथरतो. चालकाने थांबल्या जागी अॅक्सिलरेटर पिळला, की उजेड पुन्हा वाढतो. आणि इंजिन बंद पडले तर? मग पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा आणि हॉर्न असे सगळे एकदम बंद होते.

ही केवळ गंमत नव्हे. दादर-परळमधील हिंदमाताचा परिसर पावसाळ्यात पाणी तुंबण्याबद्दल वर्षानुवर्षे सर्वांना माहीत आहे. जुलै महिन्यातील रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे, पाण्यात शिरून इंजिन बंद पडले आहे आणि मागून बस येत आहे, असे समजा. या क्षणी मागचा तांबडा दिवा लागण्याची सर्वांत जास्त गरज आहे आणि नेमक्या याच क्षणी तो लागत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात पाहू. उपाय एका वाक्यात सांगता येतो : स्कूटरला बॅटरी बसवावी आणि ती भारित होत राहील अशी योजना करावी. परंतु या एका वाक्यात भौतिकीतील आणि रसायनातील बरेच धडे दडलेले आहेत.

फिरणारे चुंबक

बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. नोंदणी केल्यावर ती हाती येण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. चेतक आणि तिच्या जातकुळीतील बऱ्याच जुन्या स्कूटरींत बॅटरी नसे. मग ठिणगीसाठी आणि दिव्यांसाठी वीज कोठून येई? गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘मॅग्नेट’ म्हणतात, त्या भागातून.

इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला एक जड चक्र बसविलेले असते. त्याच्या आतल्या कडेला कायमचुंबके असतात. त्यांचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतील अशी मांडणी असते. या चक्राच्या पोटात एक स्थिर थाळी असते. तिच्यावर लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. चक्र फिरले की वेटोळ्यासमोरून कधी उत्तर ध्रुव, तर कधी दक्षिण ध्रुव जातो. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र सारखे बदलत राहते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. पाठ्यपुस्तकात तुम्ही शिकता ते विद्युत् चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

ध्रुव आळीपाळीने येत असल्यामुळे दाबाची दिशाही आळीपाळीने बदलते. म्हणजेच मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. चक्रावर एकूण सहा ध्रुव आहेत असे धरा. मग उत्तर-दक्षिण अशा तीन जोड्या झाल्या आणि एका फेऱ्यात तीन आवर्तने झाली. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ३,००० आवर्तने, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने होतील. मुंबईतील आपल्या घरच्या विजेची कंप्रता एवढीच असते. इंजिन ५,००० फेऱ्यांनी फिरू लागले की कंप्रता २५० होईल.

फॅरडे यांच्या नियमाप्रमाणे क्षेत्र जितक्या जलद बदलेल तितका दाब जास्त. म्हणून इंजिनाचा वेग वाढला की दाब वाढतो आणि वेग घटला की दाब घटतो. सिग्नलपाशी दिवा का मंदावतो याचे उत्तर मिळाले. शिवाय तापतारेच्या दिव्याचा स्वभावही येथे आड येतो. त्याला मिळणारा दाब निम्मा झाला तर उजेड निम्मा होत नाही, तर जवळजवळ एक दशांशावर येतो. कारण तार कमी तापली की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने जातो.

दिवा जळून का जात नाही?

चौकस विद्यार्थी येथे एक शंका काढील. वेग पाचपट झाला तर दाबही पाचपट होणार. मग मंद वेगात कसाबसा लागणारा दिवा जोराच्या वेगात जळून का जात नाही?

याचे उत्तर वेटोळ्यातच आहे. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की तो स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि हे क्षेत्र मूळच्या बदलाला विरोध करते. बदल जितका जलद, तितका हा विरोध जास्त. म्हणजे वेगाबरोबर प्रवाहाला ढकलणारा दाब वाढतो आणि प्रवाहाला होणारा विरोधही वाढतो. त्यामुळे प्रवाह वेगाच्या प्रमाणात न वाढता एका मर्यादेकडे झुकतो. मॅग्नेटच्या अंगीच हा लगाम असतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरले आहेत. मंद वेगात, म्हणजे ५० कंप्रतेला, वेटोळ्यात ३ व्होल्ट दाब निर्माण होतो आणि २५० कंप्रतेला १५ व्होल्ट. वेटोळ्याचा प्रवर्तनी विरोध अनुक्रमे ०.४५ आणि २.२५ ओहम आहे. तारेचा साधा रोध ०.२ ओहम आहे. पुढचा २५ वॉटचा आणि मागचा ५ वॉटचा असे ६ व्होल्टचे दोन दिवे जोडलेले आहेत. दोघांचा मिळून रोध १.२ ओहम होतो. हिशेब केला तर मंद वेगात दिव्यांना सुमारे अडीच व्होल्ट मिळतात आणि जोराच्या वेगात सुमारे पावणेसात व्होल्ट. वेग पाचपट झाला, पण दिव्यांवरचा दाब तिपटीहूनही कमी वाढला. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. प्रवर्तनी विरोध आणि साधा रोध यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते, हे विसरू नये. तापतारेचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, तो फरक येथे सोडून दिला आहे.)

आता समजा, जोरात जात असताना पुढचा दिवा जळाला. उरला फक्त मागचा ५ वॉटचा दिवा. त्याचा रोध ७.२ ओहम. हिशेब पुन्हा केला तर या बिचाऱ्या ६ व्होल्टच्या दिव्यावर तब्बल १४ व्होल्ट पडतात! तोही क्षणात जळतो. पुढचा दिवा गेला की पाठोपाठ मागचाही जातो, हा जुन्या स्कूटरवाल्यांच्या नेहमीच्या परिचयाचा प्रकार. त्यात नशिबाचा काही भाग नाही. सर्व दिवे मिळून एकमेकांचे रक्षण करीत असतात. एक गेला की दुसऱ्यावरचा भार वाढतो.

साठवणीची टाकी

मुंबईकरांना पाण्याच्या उदाहरणाने ही गोष्ट चटकन कळेल. चाळीत पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. नळ जोरात असो की बारीक, पिंपातून तांब्या भरताना त्याची अडचण होत नाही. नळ म्हणजे मॅग्नेट आणि पिंप म्हणजे बॅटरी.

आगगाडीच्या डब्यांतही हीच योजना फार वर्षांपासून आहे. जुन्या पद्धतीच्या डब्याच्या पोटाखाली चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरणारे विद्युत् जनित्र असते आणि शेजारी बॅटऱ्यांची पेटी. गाडी धावताना जनित्र दिवे-पंखे चालविते आणि बॅटऱ्याही भरते. गाडी दादर स्थानकात उभी राहिली तरी डब्यात अंधार होत नाही. लोअर परळला पश्चिम रेल्वेचा डबे दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना आहे. तेथे येणाऱ्या डब्यांखालच्या या पेट्यांची देखभाल हे एक स्वतंत्र कामच असते.

मोटारींचा इतिहासही हेच सांगतो. हेन्री फोर्ड यांची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ मध्ये निघाली. तिच्याही चक्रावर सोळा चुंबके बसविलेली होती. १९१५ च्या सुमारास तिला विजेचे दिवे आले. ते थेट या मॅग्नेटवर चालत आणि गाडी मंद झाली की मंदावत. १९१९ मध्ये या मोटारीला बॅटरी, ती भरणारे जनित्र आणि विजेने इंजिन सुरू करण्याची सोय मिळू लागली. आपल्या जुन्या स्कूटरला आज आपण जे करू पाहतो, तेच शंभर वर्षांपूर्वी मॉडेल टी मोटारीला करण्यात आले. वाळूत आणि शेतात चालणाऱ्या फुगीर चाकांच्या, हँडलच्या छोट्या चारचाकी गाड्यांपैकी काहींतही असेच बॅटरीविना मॅग्नेट असते. त्यांना बॅटरी जोडायची तर रीत हीच.

पहिली अडचण : प्रवाहाची दिशा

मॅग्नेटची तार सरळ बॅटरीला जोडली तर काय होईल? प्रत्यावर्ती प्रवाह अर्ध्या आवर्तनात बॅटरी भरील आणि उरलेल्या अर्ध्यात रिकामी करील. हाती काही लागणार नाही. उलट बॅटरी तापेल आणि बिघडेल. बॅटरीला एकाच दिशेचा प्रवाह लागतो.

यासाठी डायोड वापरतात. डायोड हा विजेचा एकेरी रस्ता आहे. एका दिशेने तो प्रवाह जाऊ देतो, दुसऱ्या दिशेने अडवितो. सायकलच्या नळीतला व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही, तसाच हा प्रकार. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची रांगच आहे. तेथे डायोड सुटे मिळतात आणि चार डायोडांची तयार चौकडीही मिळते. तिला ‘ब्रिज’ म्हणतात.

एकच डायोड लावला तर अर्धे आवर्तन वापरात येते आणि अर्धे वाया जाते. चार डायोडांचा ब्रिज दोन्ही अर्ध्या आवर्तनांना एकाच दिशेस वळवितो. मग ब्रिज लावून मोकळे व्हावे, असे वाटेल. पण येथे एक खाच आहे आणि बरेच हौशी कारागीर तेथे अडखळतात.

स्कूटरच्या मूळ जोडणीत दिव्याच्या वेटोळ्याचे एक टोक थाळीच्या लोखंडाला, म्हणजे पर्यायाने गाडीच्या अंगाला, जोडलेले असते. यालाच ‘अर्थ’ म्हणतात, जरी त्याचा जमिनीशी काही संबंध नसला तरी. गाडीचे अंग हीच परतीची तार समजून एका तारेचा खर्च वाचविलेला असतो. आपण बॅटरीचे ऋण टोकही गाडीच्या अंगालाच जोडणार. आता कागदावर चार डायोडांची आकृती काढा आणि वेटोळ्याचे एक टोक ऋण टोकाशी जोडून पाहा. एका अर्ध्या आवर्तनात प्रवाह व्यवस्थित बॅटरीकडे जाईल. दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात मात्र तो गाडीच्या अंगातून एका डायोडमार्फत परत वेटोळ्यातच शिरेल. बॅटरी बाजूलाच राहील आणि वेटोळे व तो डायोड फुकट तापत राहतील.

उपाय सोपा आहे, पण नाजूक. अंगाला जोडलेले ते टोक डाख काढून मोकळे करावयाचे, त्याला वेगळी वेष्टित तार जोडून बाहेर आणावयाचे आणि मग वेटोळ्याची दोन्ही टोके ब्रिजला द्यावयाची. हे झाल्यावर मल्टिमीटरने वेटोळे आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये संबंध उरला नाही ना, हे तपासावयाचे. ठिणगीचे वेटोळे निराळे असते. त्याला मुळीच हात लावू नये. ठिणगी मॅग्नेटवरच राहू द्यावी. त्यामुळे उद्या बॅटरी पूर्ण बसली तरी स्कूटर किक मारून सुरू होईल. बॅटरीविना चालणे हा मॅग्नेटचा मोठा गुण आहे. तो घालवू नये.

दुसरी अडचण : वाढता दाब

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो, म्हणून विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात. ती भरण्यासाठी याहून जास्त दाब लागतो, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. दाब याच्याही वर गेला तर बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू सुटू लागतात, पाणी आटते आणि आतल्या पट्ट्या खराब होतात. याउलट १३ व्होल्टच मिळाले तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही.

मॅग्नेटचा दाब तर इंजिनाच्या वेगाबरोबर वरखाली होणार. कायमचुंबक आपल्याला बंद करता येत नाही. मग दाब आवरायचा कसा? यासाठी नियंत्रक लागतो. नियंत्रक आणि ब्रिज एकाच डबीत भरलेले मिळतात. गॅरेजमध्ये तिला ‘आर-आर युनिट’ म्हणतात. बाहेरून पन्हाळी पन्हाळी असलेली अॅल्युमिनियमची डबी ती हीच.

यांपैकी एका जातीच्या नियंत्रकाची युक्ती मोठी मजेदार आहे. दाब १४.४ च्या आसपास पोहोचला की तो वेटोळ्याची दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकतो; म्हणजे जाणूनबुजून ‘शॉर्ट’ करतो! हे ऐकून तुम्ही दचकाल. पण मघाचा लगाम आठवा. वेटोळ्यातील प्रवाह आपोआपच एका मर्यादेत राहतो. त्यामुळे टोके जोडली तरी तो भडकत नाही. दाब शून्याजवळ येतो, बॅटरीकडे जाणारा प्रवाह थांबतो आणि डायोड असल्यामुळे बॅटरीतील वीज उलट येऊ शकत नाही. या खटाटोपात डबी तापते. म्हणून ती गाडीच्या धातूला घट्ट बसवावी आणि तिला वारा लागेल असे पाहावे.

बॅटरीच्या पोटात

शिशाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. तिच्या धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड असते, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे असते आणि दोन्ही पट्ट्या सौम्य सल्फ्यूरिक आम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बनते. आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. बॅटरी भरताना ही क्रिया उलटी होते. म्हणूनच भरलेल्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास असते आणि रिकाम्या बॅटरीत ते १.१२ च्या घरात उतरते.

बॅटरी रिकामी अवस्थेत बरेच दिवस राहिली तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, टणक स्फटिक होतात. ते मग भरताना सहजासहजी विरघळत नाहीत. बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते. पावसाळाभर न वापरता ठेवलेल्या स्कूटरची बॅटरी दिवाळीत ‘मेलेली’ निघते ती यामुळे.

जमाखर्च जुळतो काय?

आता खरा प्रश्न. बॅटरी लावली म्हणजे काम झाले असे नाही. पिंपात येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याहून जास्त हवे. मूळ वेटोळे ६ व्होल्टच्या मानाने केलेले असेल तर १२ व्होल्टसाठी त्यावर जास्त फेरे गुंडाळावे लागतात. पण तेवढ्याच जागेत जास्त फेरे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते आणि मिळणारा प्रवाह कमी होतो. फेरे वाढवून दाब वाढतो, शक्ती वाढत नाही.

समजा, आपले वेटोळे चालत्या गाडीत ३ अँपियर देते आणि सिग्नलपाशी काहीच देत नाही. बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपियर-तासांची आहे. म्हणजे तिच्यात १५० अँपियर-मिनिटे साठतात. संध्याकाळी गिरगावाहून लालबाग-परळमार्गे दादरला जायचे आहे. चाळीस मिनिटे लागली, त्यांपैकी २५ मिनिटे गाडी चालत होती आणि १५ मिनिटे उभी होती.

प्रथम जुने तापतारेचे दिवे घेऊ. पुढचा ३५ वॉटचा आणि मागचा ५ वॉटचा मिळून सुमारे ३.४ अँपियर. चालताना ३ अँपियर येतात, म्हणजे ०.४ अँपियरची तूट. पंचवीस मिनिटांत ती १० अँपियर-मिनिटे झाली. उभे असताना सगळा भार बॅटरीवर : ३.४ गुणिले १५, म्हणजे ५१. ब्रेकचा १० वॉटचा दिवा पंधरा मिनिटे लागला, त्याचे १२. हॉर्न एकूण दोन मिनिटे वाजला, २ अँपियरने त्याचे ४. एकूण तूट ७७ अँपियर-मिनिटे. दादरला पोहोचेपर्यंत अर्धी बॅटरी संपली आणि परतून गिरगावात येईपर्यंत उरलेलीही संपली!

आता एलईडी दिवे घेऊ. पुढचा १२ वॉटचा आणि मागचा १ वॉटचा मिळून सुमारे १.१ अँपियर. चालताना १.९ अँपियर शिल्लक राहते. पंचवीस मिनिटांत ४७.५ अँपियर-मिनिटे जमा. भरताना पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तरी ३८ उरले. खर्च : उभे असताना १६.५, ब्रेकच्या एलईडी दिव्याचे ३ आणि हॉर्नचे ४, एकूण २३.५. शिल्लक साडेचौदा. जमाखर्च जुळला.

हाच या लेखातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. बॅटरी वीज निर्माण करीत नाही. ती फक्त साठवते. मोठी बॅटरी घेऊन तूट भरून निघत नाही, ती फक्त उशिरा जाणवते. आधी खर्च मोजावा, मग जमा मोजावी आणि मगच खरेदीला निघावे. ही वीज तरी फुकट कोठे आहे? ती पेट्रोलमधूनच येते. पण स्कूटरचे इंजिन पाचएक हजार वॉट शक्ती देऊ शकते. त्यापुढे आपले चाळीस वॉट किरकोळ होत.

सुरक्षिततेचे चार शब्द

आतापर्यंत स्कूटरच्या विजेची भीती बाळगण्याचे कारण नव्हते, कारण मॅग्नेटचा प्रवाह आपोआप मर्यादित असतो. बॅटरीला असा लगाम नाही. बोटभर उंचीच्या बॅटरीची टोके चुकून जोडली गेली तर क्षणभर शंभर अँपियरच्या घरात प्रवाह वाहू शकतो. बारीक तार लाल होईल, तिचे प्लास्टिक पेट घेईल आणि शेजारीच पेट्रोलची टाकी आहे.

म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज घालावा. आपल्या एलईडीच्या जोडणीला ५ ते ७.५ अँपियरचा फ्यूज पुरे. फ्यूज दिव्याजवळ घातला तर बॅटरीपासून दिव्यापर्यंतची तार असुरक्षित राहते. फ्यूज वरचेवर उडत असेल तर दोष शोधावा. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून त्याची सोय लावू नये.

बॅटरी काढताना प्रथम ऋण टोक सोडवावे आणि लावताना ते शेवटी जोडावे. कारण विचार केला तर कळेल. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकाचा पाना गाडीच्या अंगाला लागला तर शॉर्ट होतो. ऋण टोक आधीच सोडविले असेल तर पाना कोठेही लागला तरी मार्ग पूर्ण होत नाही. भरत असलेल्या बॅटरीजवळ ठिणगी किंवा काडी नेऊ नये. हायड्रोजनचा स्फोट होतो. आम्ल अंगावर सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. पाण्याच्या बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्या बिघडवितात. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये; दाब क्षणात चढून एलईडी जळू शकतात. प्रत्यक्ष गाडीवरील काम जाणत्या वायरमनच्या हाताखालीच करावे.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या टोकांना व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि वेग वाढविल्यावर १४ च्या आसपास आकडा दिसला तर सर्व ठीक. वेग वाढवूनही आकडा हलला नाही तर वीज बॅटरीपर्यंत येत नाही. तो १५ च्या वर गेला तर नियंत्रकात दोष आहे.

करून पाहा

हे सारे समजण्यासाठी स्कूटरच हवी असे नाही. सायकलच्या चाकाला घासून फिरणारा जुना डायनॅमो मिळवा. एक तांबडा आणि एक हिरवा असे दोन छोटे एलईडी उलटसुलट, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला अशा रीतीने, जोडा. त्यांच्यापुढे शंभर ओहमचा एक रोधक जोडून ही जोडणी डायनॅमोला लावा. चाक हाताने हळूहळू फिरवा. दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकतील. प्रवाहाची दिशा बदलत असल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. आता डायनॅमो आणि ही जोडणी यांच्यामध्ये चार डायोडांचा ब्रिज घाला. एकच दिवा लागेल. ब्रिजच्या टोकांशी एक हजार मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा संधारक त्याची धन-ऋण टोके सांभाळून जोडला, तर चाक थांबल्यावरही दिवा क्षणभर रेंगाळेल. तुमची पहिली ‘बॅटरी’ तयार झाली!

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम आहे. दिवसाही तो लागतो, कारण दिवा जसा आपल्याला रस्ता दाखवितो तसाच तो आपण येथे आहोत हे इतरांना सांगतो. चेतक हे नाव बजाज कंपनीने २०२० मध्ये पुन्हा वापरात आणले, पण ते एका पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरसाठी. एके काळी जिच्यात दिव्यापुरतीही बॅटरी नसे, त्याच नावाच्या गाडीत आता पेट्रोलला जागा उरलेली नाही. तरीही जमाखर्चाचा नियम तोच आहे. तुमच्या घराजवळ एखादी जुनी स्कूटर असेल तर तिच्या मालकांची परवानगी घेऊन पुढच्या आणि मागच्या दिव्यांवरचे वॉट वाचा, वहीत लिहा आणि गिरगाव ते दादरचा तुमचा स्वतःचा हिशेब मांडून पाहा.